पक्षी पिंजऱ्यात जिवंत, मग ‘नामशेष’ कसा?

मूळ प्रश्न: भाषांतरात अडकलोय. हवाई बेटांवरचा ‘अलाला’ कावळा २००२नंतर रानात दिसेनासा झाला. उरले ते पिंजऱ्यात वाढवलेले. मी ‘नामशेष’ लिहिलं, संपादकांनी खोडलं. हा तर जिवंत आहे, म्हणाले. एका शब्दात काय लिहू?

मितभाषी: ‘रानातून नामशेष’. एकाच शब्दाचा हट्ट कशाला?

कोशवेडा: संपादकांचं बरोबर आहे. संस्कृतात नामशेष, कथाशेष म्हणजे सरळ ‘मृत’. अमेरिकेतल्या प्रवासी कबुतरांपैकी उरलेली शेवटची एकटी मादी १९१४ साली मेली, त्यांना हा शब्द शोभतो.

पाणवठा: संस्कृतात काय होतं त्यावर आजची मराठी चालत नाही. ‘हातमाग नामशेष झाले’ म्हणतो तेव्हा कुठेतरी दोनचार चालू असतातच.

खारूताई: ‘निर्वंश’ कसा वाटतो? आजीच्या तोंडी तो फक्त शिव्याशापांत यायचा, मला मात्र झाडं आठवतात. बिया लांब नेणारे प्राणी संपले की जुनी झाडं वर्षानुवर्षं उभी राहतात आणि खाली एक रोप रुजत नाही. मोजदादीत ती जिवंतच दिसतात. अधिवास तुटला की प्रजाती अशी सावकाश, पिढ्यापिढ्यांनी जाते.

पाणवठा: ‘अधिवास’ नको! तो सरकारी दाखल्यावरचा शब्द. ‘वसतिस्थान’ म्हणा.

कोशवेडा: वसतिस्थान म्हणजे नुसती जागा. अलालाचंच पाहा. २०१६पासून रानात सोडलेल्यांपैकी बरेच तिथल्या शिकारी पक्ष्यांनी मारले, उरलेले २०२०मध्ये परत आणावे लागले. जागा होती, अधिवास नव्हता. त्यात अन्न, आडोसा, जोडीदार, वैरी सगळं येतं.

खारूताई: मग ‘थारा’ म्हणा ना! जागा होती, थारा नव्हता.

कोशवेडा: थारा कुणीतरी देतं. अधिवास प्राण्याचा स्वतःचा असतो. हा फरक पुसला तर रान आपण त्यांना उपकार म्हणून देतो असा अर्थ होईल, आणि तो मला सहन होत नाही.

मूळ प्रश्न: तूर्त ‘रानातून नामशेष’ ठेवलंय. पण २०२४मध्ये माउई बेटावर, जिथे तो शिकारी पक्षी नाही, पाच कावळे पुन्हा सोडलेत. त्यांच्याबद्दल हा शब्द लिहिताना हात अडतो.

खारूताई: कोशवेडा, ‘जिवाला थारा नाही’ म्हणतो तेव्हा तो देणारा कोण असतो?