ओपन वॉटर झालं, आता पुढचा स्कूबा कोर्स कोणता घ्यावा?

सिंहगडरोडवाला:
मंडळी, सल्ला हवाय. गेल्या हिवाळ्यात अंदमानात हॅवलॉकला आम्ही दोघांनी (मी आणि बायको) पॅडी या डायव्हिंग संस्थेचा ओपन वॉटर हा पहिला कोर्स केला, नंतर कर्नाटकात नेत्राणीला मोजके डाइव्ह झाले. पाण्याखाली भीती वाटत नाही, पण एका जागी तरंगत राहणं काही जमत नाही. कधी तळाला घासतो, कधी नको तेव्हा वर सरकतो. हवाही सगळ्यात आधी माझीच संपते आणि माझ्यापायी अख्खा गट वर येतो. बायकोला मात्र हे सगळं सहज जमतं, त्यामुळे घरी टोमणे चालू आहेत.

एक सेंटरवाला थेट 'मास्टर स्कूबा डायव्हर'पर्यंतचं पॅकेज घ्या म्हणून मागे लागलाय: ॲडव्हान्स्ड, रेस्क्यू आणि वर पाच स्पेशालिटी (एकेका विषयाचे छोटे कोर्स), पैसे एकरकमी. डिसेंबरात आठवडाभर रजा आहे. पुढेमागे एखादं बुडालेलं जहाज बघायची इच्छा आहे. काय करावं?

गाळातला खेकडा:
पॅकेज घेऊ नका. त्या कार्डासाठी नोंदवलेले ५० डाइव्हही लागतात, ते एका आठवड्यात कुठून आणणार? पैसे मात्र आज जातील.

तुमचं दुखणं एकच आहे, बॉयन्सी, म्हणजे पाण्यात तोल साधून तरंगणं. हवा लवकर संपते तीही बहुतेक त्यामुळेच. आधी वजन तपासा. नवशिक्याला पटकन खाली जाता यावं म्हणून कमरेच्या भाड्याच्या पट्ट्यात दोन-तीन किलो वजन जास्तच अडकवलेलं असतं. मग ते जास्तीचं वजन तोलायला बीसीडीत (हवा भरायच्या जॅकेटात) हवा भरायची. ती हवा खाली गेलं की आकसते, वर आलं की फुगते, आणि माणूस दिवसभर बटणं दाबत बसतो. तपासायची रीत सोपी आहे: डाइव्ह संपताना टाकीत ५० बारच्या (बार हे दाबाचं माप) आसपास उरले असताना, बीसीडी पूर्ण रिकामं करून, नेहमीचा श्वास धरून पाण्यावर उभं राहायचं. पाणी डोळ्यांच्या रेषेत आलं पाहिजे. भरल्या टाकीने तपासलंत तर हिशोब चुकतो, कारण आतल्या हवेचंच वजन दोन किलोंच्या वर असतं.

हे जमवून मग पॅडीचं ॲडव्हान्स्ड घ्या. पाच डाइव्ह असतात. डीप (खोल, ३० मीटरपर्यंतचा) आणि नॅव्हिगेशन (दिशा शोधण्याचा) सक्तीचे, बाकी तीन तुमच्या पसंतीचे. त्यातला पहिला पीक परफॉर्मन्स बॉयन्सी घ्या, आणि तो डीपच्या आधी करून मागा. फिश आयडेंटिफिकेशन वगैरे पुस्तक चाळून घरी होतं.

मुळामुठा:
खेकडासाहेब, थोडं असहमत. ज्याला तरंगता येत नाही त्याला ३० मीटरला न्यायचंच कशाला? तिथे दाब पृष्ठभागाच्या चौपट, म्हणजे प्रत्येक श्वासाला हवाही चौपट जाते. यांची टाकी खाली पोचेपर्यंतच निम्मी व्हायची. वर नायट्रोजनची गुंगी वेगळीच. एसएसआय या पॅडीसारख्याच दुसऱ्या संस्थेत ॲडव्हान्स्डचं कार्ड चार स्पेशालिटी आणि २४ डाइव्ह झाल्याशिवाय मिळत नाही. मला ती रीत जास्त पटते. आधी १८ मीटरच्या आत मनसोक्त डाइव्ह मारा, कार्ड कुठे पळून जात नाही.

गाळातला खेकडा:
@मुळामुठा, मुद्दा बरोबर आहे, पण नुसते डाइव्ह मारून सवयी सुधारत नाहीत, पक्क्या होतात. दर वेळी गाइडच्या फिन्सकडे बघत पोहायचं आणि वर यायचं, असं वर्षानुवर्षं करणारे भरपूर पाहिलेत. कोणीतरी बाजूला राहून चूक दाखवायला हवी. गट मात्र लहान मागा. इन्स्ट्रक्टरमागे दोनच विद्यार्थी असतील तर उत्तम, आणि ते दोघं तुम्हीच असाल तर आणखी उत्तम.

बर दुबईकर:
जहाज बघायचंय तर नायट्रॉक्सचा (जास्त ऑक्सिजनवाल्या हवेचा) कोर्स कराच. स्वस्त आहे, वाचन पुण्यात बसून ऑनलाइन होतं आणि पॅडीमध्ये त्यासाठी डाइव्ह करायची सक्तीही नाही. हवेत ऑक्सिजन २१ टक्के, नायट्रॉक्समध्ये साधारण ३२. नायट्रोजन अंगात कमी मुरतो म्हणून तळाशी जास्त वेळ मिळतो. पॅडीच्या तक्त्यात ३० मीटरला साध्या हवेवर २० मिनिटं, ३२ टक्क्यांवर ३०. तांबड्या समुद्रातलं थिसलगॉर्म जहाज याच खोलीवर बसलंय, १९४१ साली जर्मन विमानांनी बुडवलेलं, पोटात अजून मोटारसायकली आणि ट्रक. तिथे ती दहा मिनिटं सोन्याची.

दोन गैरसमज मात्र काढून टाका. नायट्रॉक्सने टाकी जास्त पुरत नाही, तुमचा श्वास तेवढाच राहणार. आणि ते खोल जाण्यासाठी नसतं, उलट ३२ टक्क्यांवर ३३ मीटरच्या खाली जायचंच नाही, ऑक्सिजनमुळे आचके येऊ शकतात. टाकीतला ऑक्सिजन स्वतः ॲनालायझरवर मोजायचा, दुसऱ्याने सांगितलेल्या आकड्यावर विसंबायचं नाही.

जहाज बाहेरून बघायला ॲडव्हान्स्ड पुरतं. आत शिरायचं असेल तर रेक (बुडालेल्या जहाजांची) स्पेशालिटी. तिथे रील आणि दोरी हाताळायला शिकवतात, आणि तेही उजेड दिसतो तिथपर्यंतच.

तारकर्ली बंदर:
गावचा अभिमान बाजूला ठेवून सांगतो, तुमच्या कामाचं पाणी आमच्याकडे नाही. किल्ल्याजवळ खोली कमी, व्हिजिबिलिटी दिवसागणिक बदलते. एमटीडीसीची संस्था आहे तारकर्लीला, तिथे चौकशी करून बॉयन्सीचा सराव तेवढा वीकेंडला करता येईल. जहाजाचं म्हणाल तर निवतीजवळ नौदलातून निवृत्त झालेली गुलदार ही नौका डायव्हरांसाठी मुद्दाम बुडवायचा प्रकल्प आहेच. तोवर शिकून ठेवा.

चहा कमी साखर:
कोणीच रेस्क्यू म्हणत नाही? नवराबायको एकमेकांचे बडी (पाण्याखालचे जोडीदार) आहात, तुम्हाला तोच कोर्स सगळ्यात उपयोगाचा. पायात गोळा आलेला, घाबरलेला, बेशुद्ध झालेला डायव्हर कसा हाताळायचा हे त्यात अंगवळणी पडतं. दमछाक होते, मजाही येते. ॲडव्हान्स्डनंतर घ्या, सोबत प्रथमोपचार-सीपीआरचा कोर्स गेल्या २४ महिन्यांतला लागतो. तो पुण्यातच उरकून टाका.

लेस्टरचा पाऊस:
आमच्याकडे इंग्लंडात स्टोनी कोव्हच्या पाणी भरलेल्या खाणीत सगळे ड्राय सूट (थंड पाण्यात अंग कोरडं ठेवणारा पोशाख) घालून उतरतात. अंदमानला त्याचा काडीचा उपयोग नाही. पॅकेजमध्ये घातला असेल तर सेंटरवाल्याला माझा नमस्कार सांगा.

सिंहगडरोडवाला:
धन्यवाद सगळ्यांना! ड्राय सूट नाही, पण अंडरवॉटर फोटोग्राफी होतं. पॅकेज रद्द. आता ठरलंय ते असं: नोव्हेंबरात तारकर्लीला वजन आणि सराव, डिसेंबरात हॅवलॉकला ॲडव्हान्स्ड अधिक नायट्रॉक्स, पुढच्या वर्षी रेस्क्यू. थायलंडचं को ताओही मनात होतं.

मुळामुठा:
डिसेंबरात को ताओ नको, तिकडे तेव्हा पाऊस आणि वारा. अंदमानच बरं. हॅवलॉकच्या सेंटरला नायट्रॉक्स भरतात का ते आगाऊ विचारा. आणि परतीचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तासांनी. हॅवलॉकहून बोटीने येऊन एक रात्र पोर्ट ब्लेअरला काढलीत की ते आपोआप जमतं.

सिंहगडरोडवाला:
विमान सकाळी सातचं काढून ठेवलंय, पण आदल्या दिवशी डाइव्ह ठेवणार नाही. बायकोला सेल्युलर जेल बघायचंच होतं.