शब्दचर्चा : ‘पितृत्वाची कबुली’ की ‘स्वीकार’?

प्रश्न : लग्न न केलेल्या आईवडिलांविषयीचा कायद्याचा मजकूर मराठीत लिहिते आहे. ‘हे मूल माझं’ असं पुरुष निबंधकापुढे लिहून देतो, त्याला काय म्हणावं? ‘पितृत्वाची कबुली’ खटकतंय.

प्रतिसाद : खटकायलाच हवं. कबुलीला लपवाछपवीचा वास आहे. प्रेमाचीही ‘कबुली’ देतात ती म्हणूनच. ‘पितृत्वाचा स्वीकार’ लिहा. मात्र हा स्वीकार एकतर्फी की आईच्या संमतीने, हे मजकुरात यायला हवं. फ्रान्समध्ये पुरुष तो एकट्याने करू शकतो, जर्मनीत आईची संमती लागते. पुरुष नाकारत असेल आणि न्यायालय डीएनए तपासून निकाल देत असेल, तर तिथे ‘पितृत्वनिश्चिती’. आई विवाहित असेल तर सहसा यातलं काहीच करावं लागत नाही, तिचा नवरा हाच बाप असं कायदा धरून चालतो.

आणि ‘जनक’ व ‘पिता’ यांची सरमिसळ नको. वीर्यदाता जनक असतो, पण दवाखान्यामार्फत दान केलं असेल तर अनेक देशांत तो कायद्याने पिता नसतो. आपण ‘हा तुझा कोण लागतो?’ विचारतो ना, कायद्याचा प्रश्न तोच आहे.

हा फरक जुनाच. उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला सांगतो की तू कानीन, म्हणजे कुमारिकेचा मुलगा. शास्त्राप्रमाणे तिच्याशी लग्न करणारा तो तुझा पिता, म्हणून तू पांडूचा. जनक सूर्य, वाढवणारा अधिरथ, आणि शास्त्राने पांडू!

दुसरा प्रतिसाद : ‘अनौरस’ कृपया टाळा. उरस् म्हणजे छाती. औरस म्हणजे स्वतःच्या छातीपासून झालेला. मूल रक्ताचंच असताना त्याला ‘अन्’ जोडणं शब्दार्थानेही खोटं आहे. शास्त्राने त्यात धर्मपत्नीची अट घातली, तिथून हा डाग मुलाला लागला. फ्रान्सने 2005 मध्ये औरस-अनौरस हा भेद सांगणारे शब्दच नागरी संहितेतून काढले. आपण निदान लिहिताना तरी काढू या.

प्रश्नकर्ती : मी ‘विवाहबाह्य संतती’ लिहिणार होते.

दुसरा प्रतिसाद : तेही नको. मराठीत ‘विवाहबाह्य’ म्हटलं की लग्न झालेलं असताना बाहेर ठेवलेले संबंध डोळ्यांपुढे येतात. इथे लग्नच नाही. ‘अविवाहित आईवडिलांचं मूल’ लिहा, लांब झालं तरी चालेल. त्यात ‘अविवाहित’ हे विशेषण आईवडिलांना लागतं, मुलाला नाही.