बस, मेट्रो आणि बरोबर कुत्रं : तुमचे अनुभव लिहा

आमची झिपरी आठ महिन्यांची. घरी गाडी नाही, त्यामुळे व्हेटकडे जायचं तर मेट्रोची दोन स्टेशनं. परवा तिला पहिल्यांदाच नेलं. जाताना शहाण्यासारखी आली. येताना दार लागायच्या आधीची ती पीं-पीं वाजली आणि बाईंनी बैठक मारली. पुढचे दोन पाय डब्यात, मागचे दोन फलाटावर! मी वाकून "चल गं, चल गं माझे आई" करतेय आणि अख्खा डबा बघतोय. शेवटी चौदा किलोचं ते धूड कवेत उचलून आत घेतलं. घरी पोचेपर्यंत दोघी थरथरत होतो.

नियम विचारत नाहीये, ते जागोजागी वेगळे असतात आणि ते निघण्याआधी बघून घेते मी. मला तुमच्या कुत्र्यांनी काय केलं ते हवंय. फजिती असली तर आधी लिहा.

* * *

पीं-पींचा त्रास आमच्याकडेही झाला. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, कुत्र्याला ४५,०००च्या आसपास. ब्रेक लागताना आपले दात आंबतात, तर त्यांचं काय होत असेल! आम्ही आठवडाभर नुसते स्टेशनाबाहेरच्या बाकावर जाऊन बसायचो. गाडी आली की खाऊ, गेली की खाऊ बंद. मग एक दिवस चढलो आणि पुढच्याच स्टेशनाला उतरून चालत घरी आलो. लोकांना वाटलं असेल, चुकले बिचारे.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. आमचा बंड्या बसमध्ये सारख्या जांभया द्यायचा आणि मी कौतुकाने सांगायचो, बघा, किती निवांत आहे. ती झोपेची जांभई नव्हतीच. जांभया, सारखं ओठ चाटणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं बघणं, ही सगळी घाबरल्याची लक्षणं. हातातला खाऊसुद्धा घेईना झाला, तर समजायचं की आता पुरे, उतरा.

* * *

सरकत्या जिन्याबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. हसण्यासारखं नाहीये.

आमचा म्हातारा नेहमी जिन्यावरून यायचा, दोन वर्षं काही झालं नाही. त्या दिवशी वर पोचताना मी एक पाऊल पुढे होते आणि तो मागे रेंगाळला. जिथे पायऱ्या आत जातात तिथल्या धातूच्या दातेऱ्यांत त्याचं नख अडकलं. कुत्रा असा ओरडताना मी तोवर ऐकला नव्हता. मागच्या एका काकांनी धावत जाऊन लाल बटण दाबलं, नाहीतर पंजाच गेला असता. नख मुळापासून निघालं. माझी ओढणी त्याच्या पायाला गुंडाळून आम्ही तिथेच फरशीवर बसलो होतो, आणि तो उलट माझाच हात चाटत होता.

आता लिफ्ट, नाहीतर साधा जिना. लंडनच्या भुयारी रेल्वेत तर सरकत्या जिन्यावर कुत्रा उचलूनच न्यावा अशी पाटी असते. (आमच्याकडे कुत्रा नाही, मग आम्ही जायचं कसं, असा त्या पाटीवरचा जुना विनोद आहे. मीही पूर्वी हसायचे.)

* * *

उचलण्यावरून आठवलं. न्यूयॉर्कच्या सबवेत कुत्रा पिशवीत किंवा पेटीत बंद हवा असा नियम आहे. तर तिथल्या लोकांनी मोठाल्या पिशव्यांना पायांसाठी भोकं पाडली आणि भलेथोरले कुत्रे त्यात घालून खांद्याला लावले! फोटो बघा, कुत्र्यांच्या चेहऱ्यावर 'मी यात नाही' असा भाव आहे. माझा पग सात किलोचा, त्याला पिशवी पुरते. फक्त चपट्या नाकाची कुत्री गर्दीत आणि उकाड्यात लवकर धापा टाकतात, म्हणून पिशवीला जाळी मोठी हवी. ऐन गर्दीच्या वेळी तर मी त्याला नेतच नाही.

* * *

माझ्याकडे कुत्रा नाही. लहानपणी पोटरीला चावलाय, अजून वण आहे. चालेल ना लिहिलं तर?

"काही करत नाही हो तो" हे वाक्य कृपा करून म्हणू नका. तो काही करत नसेल, पण मला घाम फुटलेला असतो आणि पुढचा स्टॉप येईपर्यंत मला कुठे जाता येत नाही. एकदा एक मुलगा चढला, माझ्याकडे नुसतं पाहिलं, काही बोलला नाही. कुत्र्याला कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसवलं, पट्टा हातभर आखूड केला आणि स्वतः आमच्या दोघांच्या मध्ये उभा राहिला. मी उतरताना त्याला थँक्यू म्हटलं. कुत्र्याला नाही म्हटलं, तेवढी हिंमत अजून नाही.

* * *

वरचा प्रतिसाद फार आवडला. मी आजवर ते वाक्य शंभरदा म्हटलंय. यापुढे नाही.

आमचं योगदान : उलटी. भर बसमध्ये, एका आजींच्या चपलेपासून वीतभर अंतरावर. पिल्लांना गाडी जास्त लागते, कारण कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग पुरता तयार झालेला नसतो. मोठेपणी बहुतेकांचं थांबतं. आता निघण्याआधी काही तास पोट रिकामं, आणि पिशवीत रद्दी, जुना टॉवेल, पाणी. आजींनी नुसते पाय वर घेतले आणि म्हणाल्या, "माझ्या नातवापेक्षा कमी आहे."

* * *

सिअॅटलमधली एक्लिप्स माहीत आहे का कोणाला? काळी कुत्री. मालकाची सिगारेट संपेना, म्हणून बाईसाहेब एकट्याच बसमध्ये चढायच्या आणि कुत्र्यांच्या बागेपाशी बरोबर उतरायच्या. २०१५ मध्ये तिची बातमी झाली, पुढे गळ्यात स्वतःचा पासही आला. २०२२ मध्ये गेली. आमचा मात्र चार वर्षं त्याच बसने जातोय आणि अजून मलाच विचारतो, उतरायचं का?

* * *

सगळ्यांचे आभार. काल झिपरीला घेऊन स्टेशनाबाहेर बसले. पहिल्या चार गाड्यांना खाऊ घेतला. पाचवीला जांभई दिली, खाऊ हुंगून सोडून दिला. परवाची मी असते तर म्हटलं असतं, कंटाळली. उठलो आणि घरी आलो. व्हेटकडे फोन करून तारीख दोन आठवडे पुढे ढकलली आहे.