कापसाच्या वावरात फळाची आसक्ती सोडायची कशी?

प्रश्न : एक कास्तकार, यवतमाळ जिल्हा

आमच्या गावच्या सप्ताहात महाराजांनी गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील 47 वा श्लोक निरूपणाला घेतला होता. कर्मावर आपला अधिकार आहे, फळावर नाही, हे ऐकताना पटले. पण घरी येऊन पीककर्जाचे पासबुक उघडले, तेव्हा मन पुन्हा अस्वस्थ झाले. मागच्या हंगामात बोंडे फुटली असतानाच पावसाची झड लागली आणि कापूस झाडावरच भिजून पिवळा पडला. ज्या पिकावर लेकीचे शिक्षण अवलंबून आहे, त्याची आसक्ती सोडायची म्हणजे नेमके काय करायचे? त्यातच गावातील एका वडीलधाऱ्यांनी ‘हे तुमचे प्रारब्ध’ असे म्हटले. ते मनाला फार लागले आहे.

उत्तर : निवृत्त शिक्षक, वर्धा जिल्हा

भाऊ, त्याच श्लोकाचा शेवटचा चरण आपण बहुधा विसरतो : कर्म न करण्याकडेही तुझा ओढा नसावा. म्हणजे पिकाविषयी बेफिकीर व्हा, असे गीता सांगत नाही. अठराव्या अध्यायातील 14 व्या श्लोकात कर्म घडण्याची पाच कारणे दिली आहेत : अधिष्ठान, कर्ता, साधने, निरनिराळ्या क्रिया आणि पाचवे दैव. अधिष्ठान म्हणजे देह, असा अर्थ टीकाकार करतात. मी मात्र ते वावराला लावून पाहतो. वावर, राबणारा माणूस, तिफण-डवरा, पेरणीपासून वेचणीपर्यंतची मेहनत, आणि मग पाऊस. बोंडअळीसाठी कामगंध सापळे वेळेवर लावणे आणि त्यांत अडकलेले पतंग रोज मोजणे तुमच्याकडे आहे. वेचणीच्या ऐन दिवसांत ढग येणे तुमच्याकडे नाही. आपल्या पवनारच्या विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली, त्यांत हाच धागा आहे : फळाकडे लागलेले अर्धे लक्ष मोकळे झाले, की ते सगळे कामाला मिळते. हिशेब जरूर ठेवावा. मात्र रात्री अंथरुणावर पडून तोच हिशेब पुन्हा पुन्हा करण्याने कापसाचे एक बोंडही वाढत नाही.

उत्तर : एक ताई, अमरावती जिल्हा

दादा, मला प्रारब्धाबद्दल बोलायचे आहे. माझे यजमान गेले, तेव्हा मलाही असेच सांगणारे पुष्कळ भेटले. मात्र शेजारच्या काकांनी एक शब्दही न बोलता, मृग बरसल्यावर स्वतःची बैलजोडी आणून आधी माझी तीन एकर पेरून दिली आणि मग ते आपल्या वावराकडे वळले. कर्माचा सिद्धान्त माणसाने स्वतःच्या वागण्याला लावावा, असे मला तेव्हापासून वाटते. दुसऱ्याचे नुकसान समोर दिसत असताना त्याच्या मागच्या जन्माचा शोध घेत बसणे म्हणजे स्वतःचे आजचे कर्म टाळणे होय. त्या वडीलधाऱ्यांचा राग धरू नका. पण त्यांचे म्हणणे खरे मानून स्वतःला दोषही देऊ नका.

मूळ प्रश्नकर्ता

गुरुजी, ताई, मनापासून आभार. गुरुजींचे म्हणणे समजले. पण कर्ज फेडणे हेही माझे कर्मच आहे, त्यामुळे त्याची काळजी पूर्ण सुटेल असे वाटत नाही. बँकेत जाऊन कर्जाच्या पुनर्गठनाविषयी विचारायचे मी संकोचाने टाळत होतो. सोमवारी सातबारा आणि पासबुक घेऊन जाणार आहे. लेकही सोबत येते म्हणाली.