तांबड्या रश्श्याबरोबर रेड वाइन: पटतं का?

पंचगंगाकाठ: नाशिकला गंगापूर धरणाजवळच्या एका वायनरीत रेड वाइन चाखून आलो. जागा झकास, द्राक्षतोडणी चालू होती. पण कोल्हापूरचा म्हटल्यावर तिथला पोरगा म्हणाला, "मग तांबड्या रश्श्याबरोबर शिराझ ही रेड वाइन घ्या." साफ नामंजूर! रेडमध्ये रस सालीसकट आंबवतात, त्यामुळं साली-बियांतलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, उतरतं. कॅबर्नेसारख्या रेडचा घोट घेतला की हिरड्या आवळून येतात. त्यात अल्कोहोल मिरचीची आग वाढवतं. रश्श्याची चव जाते, वाइनचीही जाते, उरतो नुसता जाळ.

तिकटीवरचा: शिराझला काळ्या मिऱ्याचा वास असतो, म्हणून पोरगं तसं बोललं. आणि कोल्हापुरी म्हणजे नुसता रस्सा का भावा? सुकं मटण घे. टॅनिन मटणातल्या प्रथिनांना जाऊन चिकटतं, तोंडातला तुरटपणा उतरतो. करून बघितलंय, लै भारी लागतं. तुला वाइन कोमट मिळाली असणार. रेड १६-१८ अंशांवर प्यायची. 'रूम टेंपरेचर' म्हणतात ते युरोपातल्या थंड घरांचं, आपल्या मार्चमधलं नव्हे. बाटली थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेव, झोंबरेपणा कमी होतो.

शाहूपुरीकर: चारशेच्या वर किलोमीटर गाडी मारून तुरट पाणी प्यायला जायचं? आणि परत येताना चालवणार कोण? १३-१४ टक्के अल्कोहोल म्हणजे दारूच की. उगं संस्कृतीचा मुलामा कशाला?

पंचगंगाकाठ: चालवणाऱ्यानं चाखून थुंकायचं. तिथं भांडं ठेवलेलं असतं.

शाहूपुरीकर: पैसे देऊन थुंकायचं? कोल्हापुरात कुणाला सांगू नकोस.

तासगावकर: तुमचं चवीचं चालू दे, पण बागायतदाराचंही ऐका. वाइनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं, बियांचं. थॉमसन या खायच्या बिनबियांच्या द्राक्षासारखं बाजारात खपत नाही, बेदाण्यालाही जात नाही. वायनरीनं उचललं नाही तर शेतकरी मेला. २००८ नंतरच्या मंदीत नाशिककडं कित्येकांनी वेली उपटल्या. आमच्याकडं पलूसला वाइन पार्क झालं, तरी आम्ही बेदाणाच धरून बसलोय तो याचसाठी. वायनरीत गेलात तर द्राक्षाला दर काय दिला तेही विचारा. ग्लास फिरवून वास घेताना ते कुणाला सुचत नाही.

तिकटीवरचा: दादा, रास्त आहे. पण लोक पिणार नाहीत तर वायनरी उचलणार कशाला? म्हणून तर जेवणाबरोबर जमवायचं बघतोय.

पंचगंगाकाठ: सुक्याचं एकवेळ पटतं. रश्श्याबरोबर मात्र गार, गोडसर शेनिन ब्लाँ ही व्हाइट वाइन. रेड नाहीच.

तिकटीवरचा: पांढऱ्या रश्श्याबरोबर चालेल. तांबड्यावर गोड पिणाऱ्याला आमच्या पंगतीत बसवत नाहीत.