केवलमूल्याचा आलेख: 'व्ही' येत नाही, सरळ रेषाच येते

प्रश्न (आर्णी, जि. यवतमाळ)
नववीच्या पोरांना य = २|क्ष − ३| − ४ चा आलेख दिला (उभ्या दांड्या म्हणजे केवलमूल्य, आतल्या संख्येची उणे चिन्ह सोडून किंमत). क्ष = −२, −१, ०, १, २ घेतल्यावर य = ६, ४, २, ०, −२ आले. बिंदू बरोबर मांडले, पण पट्टी लावली तर सरळ रेषा! आकडेमोड दोनदा तपासली. चुकतं कुठं?

उत्तर १
आकडेमोड बरोबर आहे, तक्ता अपुरा आहे. −२ ते २ घ्यायची सवय इथं नडते, कारण वळण क्ष = ३ वर आहे आणि तुमचे पाचही बिंदू त्याच्या डावीकडचे. तिथं |क्ष − ३| म्हणजे ३ − क्ष, म्हणून य = −२क्ष + २, ही रेषाच. उजवीकडं य = २क्ष − १०.

आधी उभ्या दांड्यांमधलं पद शून्य करा: क्ष = ३, य = −४. हा शिरोबिंदू (वळणाचं टोक) तक्त्याच्या मधोमध लिहा, मग दोन्ही बाजूंचे दोन-दोन: १, २, ३, ४, ५ ला ०, −२, −४, −२, ०. दोन्हीकडं सारखे आकडे आले नाहीत तर शिरोबिंदू चुकला समजा. टोक पट्टीनं टोकदारच ठेवा. पोरं हातानं गोल करतात, मग तो परवलय (गोल बुडाचा वक्र) दिसतो.

उत्तर २
पोरांना |क्ष − ३| अंतर म्हणून सांगा भाऊ. पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) तासांना, म्हणजे ओळींना, धुऱ्यापासून (बांधापासून) नंबर द्या आणि ३ नंबरच्या तासात उभं करा. १ नंबरचं तास २ तासं दूर, ५ नंबरचंही २. अंतर उणे येत नाही, म्हणून 'व्ही'चे दोन्ही हात वर जातात. बाहेरच्या −४ नं अख्खा आलेख ४ घरं खाली सरकतो, त्यामुळं य उणे येऊ शकतो. इथं पोरं हमखास गोंधळतात.

प्रश्नकर्ता
जमलं सर! आणि य = ४ − |२क्ष + ६| असेल तर?

उत्तर १
२ बाहेर काढा: ४ − २|क्ष + ३|. शिरोबिंदू (−३, ४). आत + असलं की डावीकडं. (−६, ४) लिहिणारे २ नं भागायचं विसरतात. केवलमूल्यामागं उणे आहे, म्हणून हात खाली: एक घर बाजूला, दोन घरं खाली. क्ष-अक्षाला −५ आणि −१ वर छेदेल, य-अक्षाला −२ वर. दोन्ही अक्षांवर १ सेंमी = १ एकक ठेवा, नाहीतर हातांचा चढ डोळ्यांना फसवतो.