बायोसमध्ये शिरायची वेळ कधी आली? तुमचे अनुभव सांगा

बायोस म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणारा, मशीनच्या मूळ सेटिंग्जचा प्रोग्राम. परवा संध्याकाळी शेजारच्या वहिनी घाबऱ्याघुबऱ्या आल्या. मुलीच्या स्कॉलरशिपच्या फॉर्मची शेवटची तारीख आणि एक साईट उघडेल तर शपथ, जिथे जावं तिथे कनेक्शन सुरक्षित नाही म्हणून इशारा. नेटवाल्याला फोन झालेला, राउटर दोनदा बंद-चालू करून झालेला. मी जाऊन बघतो तर खाली कोपऱ्यात तारीख १ जानेवारी २०१२! तिथेच उलगडा झाला. प्रत्येक साईटच्या सर्टिफिकेटला अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते, आणि कॉम्प्युटर धरून बसलाय की अजून २०१२ चालू आहे, म्हणजे त्याच्या हिशेबाने ते सर्टिफिकेट अजून निघालेलंच नाही, मग तो आत सोडेल कशाला. रिस्टार्ट केला, डिलीट टकटक दाबत राहिलो, बायोसचा निळा स्क्रीन आला, तारीख-वेळ टाकली, एफ१० ने सेव्ह. साडेअकराला फॉर्म गेला.

दुसऱ्या दिवशी कॅबिनेट उघडलं. मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डावर, साधारण रुपयाएवढा चपटा सेल असतो, सीआर २०३२, वीज नसताना घड्याळ तोच चालवतो. कडेला पत्र्याचा बारीकसा खटका आहे, तो स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने हलकेच मागे केला की सेल टचकन वर येतो. मीटर लावला, ३ व्होल्ट पाहिजेत तिथे १.९. नवा घातला (अधिकची बाजू वर), घड्याळ जागेवर आलं. वहिनींना कुणीतरी मदरबोर्ड गेला म्हणून सांगून ठेवलं होतं, त्याचं मला खरंच वाईट वाटलं.

तर तुम्हाला ह्या स्क्रीनवर कशासाठी जावं लागलं, काय अडलं, कसं सुटलं, सगळं लिहा. लहानसहान असलं तरी लिहा, मराठीत हे कुठे एकत्र सापडत नाही आणि माणसं नुसत्या भीतीने दुकानात पैसे देऊन येतात.

---

माझी अडचण आत शिरण्याचीच होती. लॅपटॉप बंद करायचा, चालू करायचा, एफ२ दाबायचं, की आपलं विंडोज हजर. पंधरा-वीस वेळा तरी केलं असेल. मग ऑफिसातल्या एका दादांनी सांगितलं की फास्ट स्टार्टअप चालू असलं की शट डाऊन केल्यावर तो पूर्ण बंद होतच नाही, रिस्टार्टला मात्र होतो. म्हणून शिफ्ट दाबून धरायचं आणि रिस्टार्टवर क्लिक करायचं, मग ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज (यूईएफआय म्हणजे नव्या मशीनमधला बायोसच). थेट आत. बटणाची वेळ साधायची भानगडच नाही. तरी बटणं लागतातच कुणाला तर एचपीला एफ१०, डेल-एसरला एफ२, थिंकपॅडला एफ१ आणि डेस्कटॉपच्या बहुतेक बोर्डांना डिलीट. काही लॅपटॉपवर एफएन पण सोबत दाबावं लागतं.

---

मी १९९९चं सांगतो. आमचं सोलापुरात डीटीपीचं दुकान, तीन मशीन, एप्रिल म्हणजे लग्नपत्रिकांचा ऐन सीझन. २६ एप्रिल, सोमवार, सकाळी दोन मशीन चालू केली आणि जरा वेळाने एकामागून एक दोन्ही अडकली. रीसेट केलं तर पंखा फिरतोय, दिवा लागतोय, मॉनिटर काळाकुट्ट, बीपसुद्धा नाही. तो सीआयएच व्हायरस, चेर्नोबिलच्या अपघाताची तारीख तीच म्हणून पेपरांनी त्याला चेर्नोबिलच म्हटलं. हार्डडिस्कचा सुरुवातीचा भाग पुसायचा आणि काही बोर्डांवर बायोसच्या चिपमध्येही कचरा लिहून ठेवायचा. व्हायरस फायलींना लागतो, मशीनला नाही, अशी तोवर आमची पक्की समजूत होती.

तिसरं मशीन त्या दिवशी लावलंच नव्हतं, आणि बोर्ड तिन्हींचा एकच. तेव्हा चिप सॉकेटमध्ये बसवलेली असायची. एक ओळखीचा मेकॅनिक दुसऱ्या दिवशी आला, त्याने चांगल्या मशीनच्या चिपखालून शिवणाचा दोरा घालून ठेवला, डॉसच्या फ्लॉपीवरून मशीन चालू केलं आणि चालू मशीनमध्येच दोऱ्याने चिप वर ओढून घेतली! बायोस एकदा मेमरीत गेला की चिपविना तेवढा वेळ निभतं. मग आमची मेलेली चिप तिथे दाबून बसवली आणि फ्लॉपीवरून नवा बायोस लिहिला. दोन्ही चिपा अशाच जिवंत केल्या. आम्ही श्वास रोखून उभे होतो. फायली मात्र गेल्याच, छापील प्रुफं समोर ठेवून दोन रात्री पत्रिका परत टाईप केल्या, पण एकाही लग्नाची पत्रिका चुकू दिली नाही.

---

काका, दोऱ्याचं वाचून अंगावर काटा आला.

आमच्याकडे दूध संकलन केंद्र आहे, कोल्हापूर जिल्ह्यात. सकाळी साडेपाचपासून लोक कॅन घेऊन रांगेत, वजनकाटा आणि फॅटचं मशीन कॉम्प्युटरला जोडलेलं. लाईट जायची, यूपीएस म्हातारा, दहा मिनिटांत तोही बसायचा, आणि लाईट आली तरी कॉम्प्युटर बंदच, कारण बटण दाबायला कुणी पाहिजे आणि सकाळी ऑफिसची किल्ली आमच्या अण्णांकडे असायची. बायोसमध्ये पॉवरच्या पानावर 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' असा पर्याय मिळाला, तो पॉवर ऑफवर होता, पॉवर ऑन केला. आता लाईट आली की मशीन आपोआप उठतं. प्रत्येक बोर्डावर नाव जरा वेगळं असतं, 'एसी बॅक' किंवा 'आफ्टर पॉवर फेल्युअर' असं काहीतरी शोधा. पण लाईट दर दोन मिनिटांनी येत-जात असेल तर आधी यूपीएसची बॅटरी बदला, नाहीतर सारखं चालू-बंद होऊन हार्डडिस्क खराब होईल.

---

कॉलेजच्या प्रोजेक्टला अँड्रॉइडचा एमुलेटर (कॉम्प्युटरवरच फोन चालवून दाखवणारा प्रोग्राम) चालेना, एएमडीच्या रायझन प्रोसेसरचा डेस्कटॉप आहे. बायोसमध्ये सीपीयूच्या पानावर एसव्हीएम मोड (एका मशीनच्या आत दुसरं मशीन चालवू देणारी सोय, म्हणजे व्हर्च्युअलायझेशन) डिसेबल्ड होता, तो एनेबल केला, झालं. इंटेलवाल्यांनी व्हीटी-एक्स किंवा व्हर्च्युअलायझेशन बघा. तिथेच दिसलं की ३२००ची रॅम २४००वर चालतेय, एक्सएमपी (रॅमला तिचा छापील वेग देणारा पर्याय) चालू केल्यावर पूर्ण वेग मिळाला.

---

जर्मनीतून लिहितेय. इथल्या कीबोर्डवर डिलीटच्या जागी 'एन्टफ' लिहिलेलं असतं, नवीन आले तेव्हा तेच कळायला वेळ गेला. पण सांगायचंय ते वेगळं. विंडोज ११ला टीपीएम २.० (मशीनच्या गुप्त किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप) लागतं, म्हणून बायोसमध्ये त्याचं पान बघत होते, तिथे 'क्लिअर टीपीएम' दिसलं आणि नीट न वाचता हो म्हटलं. लॅपटॉप चालू केला तर बिटलॉकरचा (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) निळा पडदा, ४८ आकडी रिकव्हरी की द्या. बाबांना पुण्यात रात्री दीडला फोन केला कारण लॅपटॉप त्यांनीच घेऊन सेट केला होता आणि मायक्रोसॉफ्टचं अकाउंट त्यांच्या नावावर. त्यांनी मोबाईलवरून अकाउंट उघडून सहा-सहा आकडे वाचून दाखवले, मी टाकत गेले. ती की नसती तर सगळे फोटो गेले असते. बायोसमध्ये काही बदलायच्या आधी ही रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा आणि बिटलॉकर सस्पेंड करा, म्हणजे तात्पुरतं थांबवा, कळकळीने सांगते. आणि प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढा, आधी काय होतं ते नंतर आठवत नाही.

---

ताईंचं फोटोचं अगदी बरोबर. मी रिपेअरिंग करतो, त्यामुळे एकच भर घालतो, जुना लॅपटॉप घेणाऱ्यांसाठी. मागच्या महिन्यात एका मुलाने नवव्या सेमिस्टरसाठी म्हणून साठवलेल्या पैशातून सेकंडहँड घेतला, घरी येऊन पेनड्राइव्हने विंडोज टाकायला गेला तर बायोसला पासवर्ड, आणि विकणारा फोन उचलेना. डेस्कटॉपला सेल काढून किंवा जम्परने (बोर्डावरच्या दोन पिना जोडणारी छोटी टोपी) पासवर्ड जातो, पण बऱ्याच लॅपटॉपमध्ये तो वेगळ्या चिपमध्ये असतो, सेल काढून काही होत नाही. चिप पुन्हा प्रोग्राम करावी लागली, मी त्याच्याकडून मजुरी घेतली नाही, पण दोन दिवस गेले. म्हणून पैसे हातात देण्याआधी दुकानातच लॅपटॉप चालू करून बायोस उघडून बघा. पासवर्ड मागितला तर तिथेच काढून द्यायला सांगा, नाहीतर घेऊ नका.